घरपट्टीचं अपील आणि शाळेची बस

न्यू जर्सी,
3 मे 2025

प्रिय दिलप्या,

फोनवर तू हसलास ते अजून कानात आहे. "अमेरिकेतल्या सरकारी शाळांना पैसे कमी पडतात? मग आमच्या झेडपीने काय म्हणायचं!" तुला केंद्रप्रमुखांच्या मीटिंगला पळायचं होतं, म्हणून विषय तिथेच राहिला. आज सविस्तर लिहितो. परवा रात्री मी शाळेच्या बोर्डापुढे, म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या सभेत, पहिल्यांदाच माइक धरून तावातावाने बोललो, आणि घरी आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

आधी इथली रीत सांगतो. तुझा पगार सरकारी तिजोरीतून येतो. गावची घरपट्टी वसूल झाली काय, थकली काय, त्याला धक्का नाही. इथे सगळं उलट. आणि 'डिस्ट्रिक्ट' म्हणजे जिल्हा समजू नकोस. अख्खं न्यू जर्सी जेमतेम दोन सातारा जिल्ह्यांएवढं, त्यात शाळांचे डिस्ट्रिक्ट सहाशेच्या आसपास! जवळजवळ प्रत्येक गावाचं वेगळं संस्थानच म्हण. स्वतःचं बोर्ड, स्वतःचं अंदाजपत्रक. राज्य अनुदान देतं, वॉशिंग्टन चिमूटभर टाकतं, उरलेलं गावाच्या घरपट्टीतून. 2024 साली राज्यातलं घरपट्टीचं सरासरी बिल पहिल्यांदाच 10,000 डॉलरच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त वाटा शाळांचा.

आता मेख ऐक. राज्याचं अनुदान 2008 च्या कायद्यातल्या सूत्राने ठरतं. गावातल्या घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न बघून सरकार म्हणतं, या गावाला स्वतःच्या खिशातून इतकं झेपेल. कोविडनंतर घरांचे भाव भडकले, कागदावर आमचं गाव श्रीमंत झालं आणि अनुदान घटलं. बरं, घरपट्टी वाढवून खड्डा भरावा, तर 2010 चा कायदा आडवा येतो. शाळेसाठीची एकूण वसुली वर्षाला 2 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही. काही सवलती सोडल्या, तर त्यापुढे गावाचं मतदान घ्यावं लागतं. एक कायदा म्हणतो तुम्हाला जास्त झेपतं, दुसरा म्हणतो जास्त घ्यायचं नाही. शिक्षकांच्या आरोग्यविम्याचे हप्ते आणि बसचं कंत्राट मात्र 2 टक्के कसले, भसाभसा वाढतात. टॉम्स रिव्हर, जर्सी सिटी अशा मोठ्या डिस्ट्रिक्टचं अनुदान 2018 च्या दुरुस्तीनंतर वर्षानुवर्षं कापलं गेलं. ते पैसे सूत्राच्या हिशेबापेक्षा कमी मिळणाऱ्या गावांकडे वळवले, त्यामुळे सरळ अन्याय झाला असंही म्हणता येत नाही. हेच जास्त त्रासदायक आहे.

आमच्याकडे कात्री कुठे लागली? कोविडमध्ये केंद्राने देशभरातल्या शाळांना तीन हप्त्यांत सुमारे 190 अब्ज डॉलर दिले. आमच्या बोर्डाने आपल्या वाट्यातून वाचनात मागे पडलेल्या पोरांसाठी दोन शिक्षिका घेतल्या. आमची धाकटी दुसरीत अडखळत वाचायची. त्यांच्यातल्या एकीने तिला रोज अर्धा तास बाजूला घेतलं, आणि वर्षभरात पोरगी शिऱ्याच्या पाकिटावरचा मजकूरसुद्धा वाचून दाखवायला लागली. केंद्राच्या शेवटच्या हप्त्याची मुदत सप्टेंबर 2024 मध्ये संपली. छपराला आणि बॉयलरला हात लावता येत नाही, कायम शिक्षकांना काढणं अवघड. मग जे नुकतं सुरू झालंय, रुजायला लागलंय, तेच आधी उपटतात. अशा कायम न झालेल्या शिक्षकांना पुढच्या वर्षी घेणार की नाही, हे 15 मेपर्यंत कळवावं लागतं. धाकटीच्या त्या शिक्षिकेला 'घेणार नाही' असं पत्र मिळालं. मी त्याच रागाने बोलायला गेलो.

माझ्यानंतर आमच्या शेजारच्या आजीबाई उठल्या. नवरा वारलेला, मुलं लांब, पेन्शनवर घर. आवाज न चढवता म्हणाल्या, "माझी मुलं शिकून तीस वर्षं झाली. शाळा चांगली हवी, पण या बिलापायी मला माझं घर विकावं लागेल." सभागृहात कुणीतरी हुर्यो केली. मीही मनातल्या मनात केली, खोटं कशाला बोलू.

आणि गाडीत बसल्यावर आठवलं. मार्चमध्ये मी काय केलं होतं? आमच्या घराचं मूल्यांकन जास्त लावलंय म्हणून अपील टाकलं होतं. 1 एप्रिलची मुदत चुकू नये म्हणून रात्र जागवून आजूबाजूच्या घरांच्या विक्रीचे आकडे जमवले होते. दिलप्या, गावाने गोळा करायची रक्कम आधी ठरते आणि मग ती घरांच्या किमतीप्रमाणे वाटली जाते. आपल्या लोकवर्गणीसारखंच ना? एकाने हात आखडला की बाकीच्यांच्या पावत्या फुगतात. अपील मंजूर झालं तर शाळेला एक छदाम कमी पडणार नाही. माझ्या बिलातले सुटलेले डॉलर गावातल्या इतर घरांवर जातील. थोडे का होईना, त्या आजीबाईंवरही.

सुलभा म्हणते, अपील मागे घेऊ नकोस, मूल्यांकन खरंच चुकलंय. तेही बरोबरच आहे. निकाल अजून यायचाय.

तुझ्या शाळेच्या छपराचं काय झालं? वर्गणी कुणाकुणाकडून आली, आणि कुणी टाळली, ते नावानिशी लिही. इकडच्या लोकांना सांगायला मजा येईल.

एक राहिलं. इथे आठवीपर्यंतचं मूल शाळेपासून दोन मैलांहून लांब राहत असेल, तरच बस देणं कायद्याने बंधनकारक आहे. आमचं घर पावणेदोन मैलांवर. आजवर बोर्ड ती सोय मेहरबानी म्हणून देत होतं, सप्टेंबरपासून बंद. आईने वाड्यातल्या सगळ्यांना नातीचा पिवळ्या बसच्या दारातला फोटो दाखवलाय. तिला एवढ्यात काही बोलू नकोस.

तुझा,
सुध्या