आधी पाय, मग पाइप, मग आपण

प्रिय ताई,

सेंट पॅट्रिक्स डेच्या (१७ मार्च, आयर्लंडचा राष्ट्रीय सण) आठवड्यातल्या मैफलीत मंचाचं सगळं गणित तुम्ही बसवून दिलंत. त्याबद्दलचे आभार तोंडी मानून झाले आहेत. हे पत्र उघड लिहायचं कारण वेगळं. परदेशात हौशी ऑर्केस्ट्रात वाजवणारी मराठी मंडळी बरीच आहेत आणि आयरिश पारंपरिक संगीत ऑर्केस्ट्राबरोबर बसवायचं म्हटलं की जो तो ठरलेल्या जागीच ठेचकाळतो. पहिल्या तालमीला तुम्ही फळ्यावर जी ओळ लिहिलीत ती त्यावरचा उतारा आहे: आधी पाय, मग पाइप, मग आपण. म्हणजे लय नाचणाऱ्यांच्या पायांकडून घ्यायची, सूर इलन पाइप हे आयरिश वाद्य वाजवणाऱ्या पाइपवाल्याकडून, आणि उरलेल्या जागेत ऑर्केस्ट्राने अंग चोरून बसायचं. ऑर्केस्ट्राला हे पचत नाही, कारण एरवी सगळे त्याच्याशी जुळवून घेतात.

पायांपासूनच सुरुवात करतो. टेम्पोचा आकडा एकच दिसतो आणि अर्थ दोन निघतात, हे तुम्ही दाखवलं नसतं तर पहिल्याच नाचाला घोळ झाला असता. आयरिश नाचाच्या स्पर्धांमध्ये वरच्या पातळीवर रील हा नाच मिनिटाला ११३ ठोक्यांवर नाचतात आणि हॉर्नपाइप हा दुसरा नाचही ११३ वरच. पण रीलमध्ये ते ११३ मिनिम असतात, म्हणजे एका ठोक्यात चार क्वेव्हर (ही स्वरांच्या लांबीची मापं: मिनिम म्हणजे दोन क्रॉचेट, क्रॉचेट म्हणजे दोन क्वेव्हर). हॉर्नपाइपमध्ये ते ११३ क्रॉचेट असतात, म्हणजे एका ठोक्यात दोनच. मेट्रोनोमची टिकटिक तीच, पण हॉर्नपाइप निम्म्या वेगाने सरकतो. ट्रेबल जिग हा तिसरा नाच तर ७३ वर, तोही डॉटेड क्रॉचेटचा, म्हणजे एका ठोक्यात तीन क्वेव्हर. नवख्या कंडक्टरला ही गती मरगळलेली वाटते आणि तो ती हळूच वाढवतो. ती संथ ठेवलेली असते ती पायातून निघणारे बोल त्यात मावावेत म्हणून. ढोलकीवाल्याला दुगुन-चौगुन करायला बूड संथ लागतं, तसंच हे. म्हणून स्कोअरवर प्रत्येक नाचाच्या डोक्यावर नुसता आकडा लिहायचा नाही, शेजारी नोटेचं चित्रही काढायचं.

दुसरी गोष्ट आठ बारांची (बार म्हणजे तालाचा एक खंड). नाचाची पावलं आठ बारांच्या तुकड्यात बांधलेली असतात: आठ बार उजव्या पायाने, मग तीच पावलं आठ बार डाव्या पायाने. धूनही तशीच असते. पहिला भाग आठ बारांचा, तो दोनदा, दुसरा भाग आठ बारांचा, तोही दोनदा, मिळून ३२. अरेंजरला, म्हणजे धून ऑर्केस्ट्रासाठी मांडणाऱ्याला, मध्येच दोन बारांचा ब्रासचा (पितळी फुंकवाद्यांचा) झगमगाट घालायचा मोह होतो. त्या दोन बारांत नाचणाऱ्यांनी काय करायचं हे कुणी ठरवलेलं नसतं, आणि पुढच्या आठाला निम्मे जण उजव्यावर, निम्मे डाव्यावर उतरतात. असे जोड-बार हवेच असतील तर नाच सुरू होण्याआधी किंवा संपल्यावर. आणि शेवटी रिटार्डांडो, म्हणजे लय हळूहळू उतरवणं, नको. हवेत उडालेला माणूस कंडक्टरच्या हाताची वाट बघत तिथे थांबू शकत नाही, हे तुमचं वाक्य व्हायोलिनच्या पहिल्या रांगेत अजून फिरतंय.

मंचावरच्या अंतराचा हिशेब तर शाळेतल्या भौतिकशास्त्राचा. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तालवाद्यं मागे १२ मीटरवर असली तर त्यांचा ठोका पुढे नाचणाऱ्याला ३५ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. ११३ च्या रीलमध्ये एक क्वेव्हर १३३ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे पाव क्वेव्हर घसरलाच. नाचणारे मागच्या ड्रमवर जातात, ड्रमवाला पुढच्या पायांवर जातो, दोघं एकमेकांची वाट बघतात आणि रील चिखलात रुतल्यासारखी होते. कंडक्टरला वाटतं, हे लोक ओढतायत. कुणीच ओढत नसतं. तुम्ही बाउरानवाल्याला (बाउरान म्हणजे हातात धरून वाजवायचं आयरिश चर्मवाद्य) मागच्या रांगेतून उचलून मंचाच्या डाव्या कडेला, नाचाच्या फळ्यांपासून दोन मीटरवर बसवलंत आणि कंडक्टरला सांगितलंत की कानांवर विश्वास ठेवू नका, पायांकडे बघा. एवढ्यानेच प्रश्न मिटला. मैफलीतले निम्मे प्रश्न खुर्च्या हलवून सुटतात, हे आम्हाला कुठल्याच संगीताच्या वर्गात सांगितलं नव्हतं.

आता फळ्या. मैफलीच्या मंचाचं पॉलिश केलेलं लाकूड दिसायला देखणं, पण हार्ड शूजच्या, म्हणजे ठोके काढायच्या नाचाच्या बुटांच्या, टाचा आणि पुढची टोकं फायबरग्लासची असतात. ती त्यावर साबणासारखी घसरतात. नाचाच्या स्टुडिओतलं विनाइल अंथरलं तर घसरणं थांबतं आणि आवाजही थांबतो. मग हार्ड शूज घालण्यात अर्थच काय? आठ बाय चार फुटांचे १८ मिलिमीटरचे प्लायचे सहा ताव, तीन-तीनच्या दोन ओळींत. २४ बाय ८ फुटांची जागा होते, सहा जणांना रांगेत प्रत्येकी चार फूट. तावांखाली पातळ रबर हवंच. एक तर पायांना थोडी लवचीक जमीन मिळते. काँक्रीटवर बसवलेल्या कडक मंचावर तालमी केल्या की नडग्या धरतात. दुसरं कारण चेलोवाल्यांना कळलं: त्यांच्या वाद्याची खालची सळई मंचात रुतलेली असते, त्यामुळे रबर नसेल तर प्रत्येक ठोका त्या सळईतून वर चढतो आणि चेलोच्या माइकमध्ये धपधप भरते. सांध्यांवर गॅफर टेप, स्क्रूची डोकी लाकडात बुडवलेली, आणि प्लायवर रेझिनची पूड अजिबात नाही. ती एके ठिकाणी चिकटते, दुसरीकडे नाही, आणि पाय नेमका सीमेवर अडकतो. साखर घातलेल्या कोलाने पुसून वाळवलेली फळी सगळीकडे सारखी धरते. मैफलीनंतर तिला मुंग्या लागतात, तो भाग वेगळा.

आवाजासाठी तुम्ही पायांजवळ उभे माइक लावू दिले नाहीत. मंचाच्या कडेला जमिनीवर बसणारे तीन चपटे बाउंड्री माइक, तेही फळ्यांच्या बाहेर. काही मोठ्या शोमध्ये पायांचा आवाज आधी रेकॉर्ड करून सोडतात. तिकडे डझनावारी नाचणारे असतात, त्यांचं त्यांना लखलाभ. सहा जणांचे खरे पाय ऐकू येत असतील तर त्यातला थोडा खडबडीतपणा चालतो, उलट हवाच.

पाइपबद्दल मात्र जरा बैजवार लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहेत.

इलन पाइप म्हणजे कोपराचे पाइप. तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्याखाली पिशवी, हातात दोन सप्तकांची चँटर नावाची नळी, मांडीवर एकच स्वर सतत धरणारे तीन ड्रोन आणि तीन रेग्युलेटर. रेग्युलेटरवर १३ चाव्या असतात आणि त्या उजव्या मनगटाच्या कडेने दाबून साथीचे स्वर काढतात. पेटीचा भाता आणि सनईची पत्ती एकाच माणसाच्या अंगावर बांधली तर जे होईल, ते साधारण हे वाद्य. भात्यातून येणारी हवा कोरडी असते, श्वासासारखी ओली नाही. म्हणून पत्त्या नाजूक ठेवता येतात आणि म्हणूनच त्या हवामानाला भितात. मार्चमध्ये बाहेरची थंड हवा आत घेऊन तापवली की सभागृहाची आर्द्रता खाली येते, पत्ती आक्रसते आणि दुपारी गोड वाजलेली चँटर संध्याकाळी कुरकुरते. वर दिव्यांची उष्णता. तापलं की फुंकवाद्यांचा सूर चढतो आणि तारवाद्यांचा उतरतो, म्हणजे दोघं विरुद्ध दिशांना निघतात. तुमचा आर्द्रतामापक पाइपवाल्याच्या खुर्चीखाली ठेवलेला असायचा, आणि पाइप पेटीतून वीस मिनिटं आधी मंचावर यायचे. पेटीतून थेट वाजवायला घेणं नाही.

सूर लावताना ओबो या फुंकवाद्याने ए हा स्वर द्यायचा आणि सगळ्यांनी घ्यायचा, ही ऑर्केस्ट्राची रीत तुम्ही उलटी केलीत. आधी पाइपवाल्याचा ए, तो ओबोने घ्यायचा, मग बाकीचे. कित्येक ऑर्केस्ट्रा तो ए ४४२ हर्ट्झवर लावतात आणि कॉन्सर्ट पिचच्या पाइपची चँटर ४४० साठी बनवलेली असते. फरक आठ सेंटांचा (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). एकट्या व्हायोलिनला तो जाणवणारही नाही, पण धरून ठेवलेल्या ड्रोनवर तो दाताखाली आलेल्या खड्यासारखा लागतो. ड्रोन सरकवून जुळवता येतात. चँटर ऐनवेळी जुळवता येत नाही.

पट्टीही त्याचीच. चँटर डीची, सोयीच्या पट्ट्या डी आणि जी, आणि त्यांच्या नात्यातल्या ई मायनरसारख्या. अरेंजरला ब्रासच्या सोयीसाठी ई फ्लॅट हवा असतो, तो मिळत नाही. डीमध्ये तारवाद्यं खूश, कारण मोकळ्या तारा गुंजतात. बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या वाट्याला मात्र चार शार्प (चढवलेले स्वर) येतात. क्लॅरिनेटवाल्यांनी ए क्लॅरिनेट आणावा, म्हणजे एका फ्लॅटवर (उतरवलेल्या स्वरावर) भागतं, हे तुम्ही महिनाभर आधी कळवलंत. मैफलीच्या आदल्या दिवशी कळलं असतं तर रडारड झाली असती.

आणि आवाजाची पातळी. चँटरला हळू-मोठं जवळपास नाहीच; पिशवीचा दाब कमी केला की सूरच पडतो. पाइप वाजत असताना पियानिसिमो (अगदी हळू) करायचं असेल तर ते इतरांनी. सुरुवातीला पिशवी भरून ड्रोन स्थिर व्हायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणून कंडक्टरने हात उचलण्याआधी त्याच्या कोपराकडे बघायचं. संगीतकार शॉन डेव्ही यांच्या १९८० च्या ‘द ब्रेंडन व्हॉयेज’मध्ये लिअम ओ'फ्लिन यांचे पाइप म्हणजे नौका आणि ऑर्केस्ट्रा म्हणजे समुद्र आहे. टिम सेव्हरिन यांनी १९७६-७७ मध्ये चामड्याच्या नावेतून अटलांटिक ओलांडला, त्या सफरीवरची ही रचना. तुम्ही ती ऐकायला लावलीत ती याचसाठी: समुद्राने नावेला वर उचलायचं असतं, बुडवायचं नसतं.

व्हायोलिनच्या ताफ्याशी तुमचं वाजलं, तेही बरं झालं. रोल हा अलंकार म्हणजे मूळ स्वर, वरचा, मूळ, खालचा, मूळ. एक फिडलवाला (लोकसंगीतातला व्हायोलिनवाला) तो चुटकीसरशी घेतो. सोळा जणांनी घेतला की सोळा वेगवेगळ्या क्षणी खालचा स्वर लागतो आणि ऐकू येतो तो नुसता गोंगाट. तुमची वाटणी अशी: अलंकार एकाच फिडलला; ताफ्याने धून साधी, कंप न देता, धनुष्याच्या मधल्या वीतभर भागात वाजवायची, किंवा लांब स्वर धरायचे. कागदावर क्वेव्हर सारखे दिसतात, पण वाजताना पहिला जरा लांबतो. किती, ते लिहिता येत नाही. शिकागोचे माजी पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओ'नील यांनी १९०७ मध्ये १००१ नाचाच्या धुना छापल्या, त्यातही सांगाडाच आहे. बंदिशीची स्वरलिपी वाचून कुणी गवई होत नाही, तसंच.

आयरिश संगीतकार शॉन ओ रिआदा यांचा दाखला तुम्ही दिलात तो आम्ही विसरणार नाही. १९५९ मध्ये ‘मिशे एरे’ या चित्रपटासाठी त्यांनी पूर्ण ऑर्केस्ट्रावर घेतल्या त्या ‘रोशीन दुव’सारख्या संथ चाली. नाचाच्या धुनांसाठी लगेचच वेगळा छोटा संच उभा केला, क्योल्तोरी खूलन, आणि बाउरानला त्यात मानाची जागा दिली. म्हणजे मोठा ताफा कशाला आणि मोजकी मंडळी कशाला, हे त्यांना आधीच कळलं होतं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेतून दोन रील काढून दोन संथ चाली घातल्या त्या याच आधारावर.

बाकीचं थोडक्यात. बाउरानचं कातडं बकरीचं. कोरड्या हवेत ताणलं जाऊन टणटणतं, म्हणून पाण्याचा फवारा जवळ. लिव्हर हार्पला पट्टी बदलायला हाताने लिव्हर हलवावे लागतात, एका लिव्हरला एक मोकळा बार द्या. ४७ तारांच्या पेडल हार्पवाल्या बाईंना हे कधी सुचणार नाही, त्यांचं काम पायाने होतं. शान-नोस, म्हणजे जुन्या आयरिश पद्धतीने गाणाऱ्या, गायकाच्या मागे कंडक्टरने हात खाली ठेवायचे. त्या गाण्याला ताल नसतो, आपल्या आलापीसारखं ते श्वासावर चालतं. हळू धरलेला एक डी, तानपुऱ्यासारखा, तोही गायकाने मागितला तरच. आणि बाल्कन वळणाच्या नव्या रचनेतला ७/८ चा ताल आम्हाला अवघड गेला नाही, रूपक म्हणून मोजला. शेजारच्या आयरिश मंडळींना ते ‘तीं तीं ना’ शिकवावं लागलं.

फळ्या पुसून, क्रमांक घालून उभ्या ठेवल्या आहेत. आर्द्रतामापक कपाटात वरच्या खणात आहे, पुढच्या वेळी येताना घेऊन जा. गॅफर टेपचं रीळ मात्र संपलं.

तुमचे,
ऑर्केस्ट्रातली मराठी मंडळी, डब्लिन