पक्याला, परवाच्या फोनबद्दल

पक्या,

परवा तू विचारलंस की काकांना रिपोर्टचं खोटं सांगितलं ते चुकलं का, आणि मी "आवाज कट होतोय रे" म्हणून फोन ठेवून दिला. आवाज नीट येत होता, मलाच उत्तर सुचत नव्हतं. म्हणजे खोटं मीही बोललोच.

एमएला तो जर्मन तत्त्वज्ञ कांट होता मला, घोकून पास झालो, तो या दोन दिवसांत परत काढला. 1785च्या पुस्तकात त्याचा एक दुकानदार आहे, लहान पोर आलं तरी तोच भाव लावणारा. कांट म्हणतो एवढ्याने काही सिद्ध होत नाही, गिऱ्हाईक तुटू नये म्हणूनही करत असेल. तसं वागणं बरोबर आहे म्हणून वागला तरच त्याला मोल. आणि बरोबर कशावरून, तर तुझा नियम सगळ्यांनीच पाळावा असं तुला म्हणता येतं का. आता तुझा नियम बघ: माणूस घाबरेल असं वाटलं की त्याला रिपोर्ट खोटा सांगायचा. हे सगळीकडे सुरू झालं तर उद्या डॉक्टर खरोखरच "काही नाही, अॅसिडिटी आहे" म्हणाला तरी कोण विश्वास ठेवणार?

अर्थात म्हातारा अतीच करतो. 1797 मध्ये लिहितो की खुनी दारात येऊन तुझा मित्र आत आहे का विचारतोय तरी खोटं बोलू नये. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

पण एक पत्र आहे. 1791 मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्टहून मारिया फॉन हर्बर्ट नावाच्या मुलीने त्याला लिहिलं, की एक गोष्ट प्रियकरापासून बराच काळ लपवली, मग सांगितली तर तो थंडच पडला, तुमची पुस्तकं वाचलीत, काही उपयोग होत नाहीये. कांटने उत्तरात म्हटलं की मनातलं सगळं सांगायलाच पाहिजे असं नाही, पण जे बोलशील ते खोटं नको. इथे मी अडकलो. तू गप्प बसला असतास तर चाललं असतं रे, पण काकांनी तोंडावर विचारलं आणि तू अॅसिडिटी म्हणालास.

पुढचं वाचून डोकं फिरलं. 1793 मध्ये तिने परत लिहिलं, आता सगळं रिकामं वाटतंय म्हणून, तर याने उत्तरच दिलं नाही, उलट ती पत्रं एका मित्राच्या मुलीला पाठवली, पोरी कशा भरकटतात ते कळावं म्हणून. 1803 मध्ये तिने जीव दिला. माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका असं लिहिणारा हाच!

त्याला शिव्या घालून झाल्या आणि मग काका आठवले. मागच्या महिन्यात आलो तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून लाइट बिलाच्या पाठीमागे एफडीच्या तारखा लिहीत बसले होते, कुठली मोडायची कुठली ठेवायची, पुढच्या दोन वर्षांचा हिशोब. त्या माणसाला स्वतःच्या पोटात काय आहे तेवढंच माहीत नाही, बाकी तू, ताई, डॉक्टर, मी, सगळ्यांना माहिती. खोटं आपण त्यांच्यासाठी बोलतोय की आपल्याला त्यांच्यासमोर बसवणार नाही म्हणून, हे तूच बघ, माझं उत्तर मला मिळालंय.

शनिवारी सकाळच्या एसटीने येतो. कपाटात लपवलेली फाइल काढून ठेव. सांगायचं तूच, मी शेजारी बसतो. आणि हा अचानक कसा काय आला असं काकांनी विचारलं तर काहीतरी बनवून सांगू नकोस.

तुझा,
बाळ्या