पांढऱ्या प्रवाळाचं कौतुक

मा. संपादक,
स. न.

शाळेच्या भिंतीवरच्या ‘सागर वाचवा’ चित्राला काल आपण अर्धं पान दिलंत. मुलांच्या मेहनतीबद्दल दुमत नाही. पण मधोमध जी पांढरीशुभ्र झुडपं रंगवली आहेत, त्यांना आपल्या प्रतिनिधीने ‘निरोगी प्रवाळाचे लोभस रूप’ म्हटलंय! अहो, ते आजारी प्रवाळ आहे. समुद्र उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून जेमतेम एक अंशाने जास्त, असा काही आठवडे तापला की प्रवाळ अंगातलं, त्याला अन्न आणि रंग देणारं शैवाल बाहेर टाकतं आणि पारदर्शक कातडीतून आतला चुनखडीचा सांगाडा दिसू लागतो. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हेच झालं. भुसावळकरांना एका अंशाचं हसू येईल म्हणा; पारा ४५ ला टेकल्याशिवाय आपण त्याला उन्हाळा म्हणत नाही.

जिवंत प्रवाळ बहुधा मातकट, शेवाळी असतं. रॉ सिएनात (पिवळट तपकिरी रंगात) किंचित हिरवा मिसळला की काम होतं. फांद्यांच्या प्रवाळाचे फक्त शेंडे फिकट ठेवायचे, कारण वाढत्या टोकाला शैवाल कमी असतं. शेंडा पांढरा असेल तर ते वाढतंय, अख्खी फांदी पांढरी असेल तर उपाशी आहे. आणि चित्रातल्या बाकीच्या प्रवाळाचा तो लालभडक रंग? पाणी सगळ्यात आधी लाल प्रकाशच गिळतं. दहा मीटरवर लाल वस्तू काळपट दिसते. सराफाकडचं पोवळं डोळ्यांपुढे ठेवलं असणार. त्या पोवळ्याची जात वेगळी, ते प्रवाळभित्ती बांधत नाही.

भिंतीला खालून लोणा आलेला फोटोतही दिसतो. तो खरवडून, ओल बंद करून मग प्रायमर मारायला हवा होता. आता दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतील आणि उरलेलं प्रवाळही आपोआप पांढरं होईल.

दुसऱ्या फोटोत मुलं नळाखाली ब्रश धुताहेत. अॅक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच. गटारीतून तापीत, तापीतून अरबी समुद्रात, सागर वाचला! ब्रश आधी कागदाला पुसावा, मग बादलीत धुवावा. वीस लिटर पाण्याला तुरटीची पूड आणि फकी चुना चार-चार चमचे घालून रात्रभर ठेवलं की रंगाचा गाळ खाली बसतो. तो कापडातून गाळून, वाळवून कचऱ्यात टाकावा. चुना मुलांच्या हाती मात्र देऊ नये.

उद्घाटनाच्या फ्लेक्सबद्दल काय बोलावं? चित्रापेक्षा तोच मोठा होता.

ता. क. रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी येते. ती तरी वेळेवर पाठवा.

– एक वाचक, भुसावळ