वेटिन घराण्याचा इतिहासही छापा

संपादक साहेब, नमस्कार,

जर्मनीच्या राजघराण्यांचा विषय निघाला की सगळे प्रशियाच्या होहेनझोलर्नवरच लिहितात, सॅक्सनीच्या वेटिन घराण्याचं कुणी नावच घेत नाही, याचं खरंच वाईट वाटतं. १४८५ मध्ये अर्न्स्ट आणि आल्ब्रेख्ट या दोन भावांनी लाइपझिगला राज्याची वाटणी केली आणि माझ्या मते तिथेच या घराण्याचं नुकसान झालं, कारण एकसंध राहिले असते तर बर्लिनवाल्या होहेनझोलर्नना एवढं मोकळं रान मिळालंच नसतं. अर्न्स्टचा मुलगा फ्रेडरिक, त्यानेच १५२१ मध्ये पोप आणि सम्राट दोघांच्याही रोषात सापडलेल्या धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला वार्टबुर्ग किल्ल्यात लपवलं, केवढी हिंमत! पण १५४७ ला सम्राटाविरुद्धची म्यूलबर्गची लढाई हरल्यावर सम्राट निवडायचा हक्क अर्न्स्टच्या शाखेकडून गेला तो आल्ब्रेख्टच्या शाखेतल्या मॉरित्सकडे. पुढे अर्न्स्टच्या शाखेत मुलांमुलांत वाटण्या होत वायमार, गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन अशी चिमुकली राज्यं उरली.

आणि त्याच छोट्याशा कोबुर्गमधून १८३१ मध्ये लिओपोल्ड बेल्जियमचा राजा झाला, १८४० ला आल्बर्टचं लग्न थेट राणी व्हिक्टोरियाशी झालं! १९१८ मध्ये जर्मनीतली सगळी गाद्यांची राज्यं संपली, बेल्जियममध्ये मात्र हेच घराणं आजही गादीवर आहे. यावर एखादी लेखमाला काढाच, प्लीज.

आपला,
एक नियमित वाचक