जुना लावा लॅम्प घेण्याआधी

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

जुना लावा लॅम्प घ्यायचं तुझ्या मनात आलंय, हे वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट आधीच पक्की कर. विकणारा त्याला एक दिवा म्हणतो, पण त्यात दोन वस्तू असतात: बल्ब असलेली धातूची बैठक, आणि तिच्यावरची द्रवाची बाटली, जिच्यात बल्बच्या उष्णतेनं मेणाचे गोळे वर-खाली होतात. दोन्हींचं वय वेगवेगळं बघावं लागतं. धातूची बैठक साठ वर्षंही ठणठणीत राहते, बाटलीतलं मिश्रण मात्र नासतं. म्हणून पैसे बैठकीचे मोज. बाटली चालू निघाली तर ते नशीब समज.

याचं मूळ इंग्लंडमधलं. एडवर्ड क्रेव्हन वॉकर यांनी एका पबमध्ये अंडं उकडायची वेळ दाखवणारं घरगुती यंत्र पाहिलं. काचेच्या भांड्यात द्रव आणि मेण, आणि ते उकळत्या पाण्यात ठेवलेलं. त्यावर अनेक वर्षं खपून त्यांनी 1963 साली पूल नावाच्या गावी, क्रेस्टवर्थ या आपल्या कंपनीतून 'अ‍ॅस्ट्रो' हा दिवा बाजारात आणला. पेटंटवर शोधक म्हणून नाव डेव्हिड जॉर्ज स्मिथ यांचं आहे. 1965 साली हॅम्बुर्गच्या व्यापारी प्रदर्शनात अ‍ॅडॉल्फ वर्थायमर आणि हाय स्पेक्टर या दोघा अमेरिकनांनी तो पाहिला, अमेरिकेचे हक्क घेतले आणि शिकागोत 'लावा लाइट' बनू लागला.

त्यामुळे दिवा उलटा करून तळ वाचायचा, पण बाटली आधी काढून ठेवायची. क्रेस्टवर्थ हे नाव असेल तर तो जुना ब्रिटिश. मॅथमॉस असेल तर 1992 नंतरचा. कंपनी तीच, नाव बदललेलं. अमेरिकन दिव्यांत 'सेंच्युरी' हे मॉडेल शोध. सोनेरी बैठकीला बारीक भोकं असतात आणि दिवा लावला की त्यांतून चांदण्यांसारखे ठिपके पडतात. बाटली 52 औंसांची, म्हणजे साधारण दीड लिटर. चीनमध्ये बनल्याचा शिक्का असेल तर जुन्याची किंमत मुळीच देऊ नकोस, कारण अमेरिकन कंपनीचं उत्पादन 2003 च्या सुमारास तिकडे गेलं.

आता बाटली. थंड असताना मेण द्रवापेक्षा किंचित जड असतं. तापलं की फुगतं, हलकं होऊन वर जातं, वर निवतं आणि खाली येतं. तळाची तारेची स्प्रिंग खाली आलेले गोळे पुन्हा एकजीव करते. सगळा खेळ या किंचितशा फरकावर चालतो, म्हणून गळकं झाकण दिव्याचा जीव घेतं. सोड्याच्या बाटलीसारखं बिल्ल्याचं झाकण असेल तर त्याच्या कडेला गंज किंवा चिकट ओघळ आहे का ते बघ. मानेत थोडी हवा हवीच, तापल्यावर द्रवाला फुगायला जागा लागते. पण पातळी खांद्याखाली उतरली असेल तर ती बाटली सोडून दे. आणि जुनी बाटली कधीही उघडू नकोस. सुरुवातीच्या मिश्रणांत मेण जड करायला कार्बन टेट्राक्लोराइड घालत. ते यकृताला घातक आहे, आणि अमेरिकेत 1970 साली घरगुती वस्तूंत त्यावर बंदी आली.

द्रव गढूळ दिसला तर बहुतेक वेळा गरम असताना बाटली हललेली असते. काही दिवस न लावता उभी राहू दे. मग रोज सात-आठ तास लाव आणि पूर्ण थंड होऊ दे; बऱ्याचदा निवळतं. रंग उडालेला असेल तर ती उन्हाची करामत, त्यावर इलाज नाही. पहिले दोन तास मेणाचे सुळके उभे राहतात, तेव्हा घाबरून हलवू नकोस.

मेण वरच जाऊन बसलं तर उष्णता जास्त झाली. आपल्याकडे मे महिन्यात हे हमखास होतं. डिमर लावून बल्ब मंद कर. मेण तळाशीच राहिलं तर पंख्याचा वारा बाजूला घे, पण जास्त वॅटचा बल्ब लावू नकोस. सेंच्युरीला 40 वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा पिवळा बल्बच हवा. एलईडी उजेड देतो, पण मेण वितळवण्याइतका तापत नाही. आणि बाटली शेगडीवर ठेवणं तर सोडूनच दे. 2004 साली अमेरिकेत असं करताना बाटली फुटून काच छातीत घुसली आणि एक तरुण दगावला.

ब्रिटिश दिवा आपल्या 230 व्होल्टवर सरळ चालतो. अमेरिकन 120 चा आहे, त्याला 100 वॅटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लाव. वायरचं आवरण कडक होऊन तडकलं असेल तर वायर आणि होल्डर आधी बदलून घे. बैठक धातूची आहे, शॉक बसेल. फक्त जुने भाग फेकू नकोस, दिव्यासोबत जपून ठेव.

कुणी परदेशातून आणणार असेल तर बाटली वेगळी, एक दिवस थंड झालेली आणि उभी बांधायला सांग. दीड लिटर द्रव विमानात हातातल्या बॅगेत नेऊ देत नाहीत, तेव्हा सामानात टाकताना चारही बाजूंनी जाड कपडे हवेत.

विकणाऱ्याकडून तीन फोटो मागव: तळाचं लेबल, झाकणाची कड, आणि दिवा तीन तास लावल्यानंतरची बाटली. आले की मला पाठव, त्याच दिवशी सांगतो.

तुझा,
अविनाश