बाई, तुम्ही पाकिटावर 'श्री.' लिहिलंत

आदरणीय बाई,

पहिला पगार जमा झाल्याचा मेसेज काल आला. आईला दाखवला. तिला वाचता येत नाही, तरी तिने तो दोनदा बघितला. मग रात्री हे पत्र लिहायला बसलो. चारचौघांनी वाचावं म्हणून उघडं लिहितोय.

मी गुन्हा केला होता, हे आधीच सांगतो. बांधावरून भांडण झालं आणि भावकीतल्या माणसाला मी काठीने मारलं. तो वाचला, पण त्याचा उजवा हात अजून नीट वर जात नाही. माफीचे दिवस वजा जाता पाच वर्षं येरवड्यात काढली. तिथे सुतारकाम शिकलो, सरकारी कचेऱ्यांची टेबलं-खुर्च्या केल्या. आत कामाचे तीन दर्जे असतात, अकुशल, अर्धकुशल आणि कुशल. सुटलो तेव्हा मी कुशल होतो. बाहेर त्या शब्दाला कुणी विचारेना.

आठ महिने फिरलो. एका ठिकाणी दोन दिवस काम केलं, तिसऱ्या दिवशी चारित्र्य पडताळणीचा कागद मागितला आणि गेटवरूनच परत पाठवलं. सुटून आलेल्यांसाठी काम करतो म्हणणाऱ्या एका संस्थेने आम्हा सहा जणांना स्टेजवर बोलावून गुलाबाची फुलं दिली, फोटो काढले. त्यानंतर चार वेळा त्यांच्या ऑफिसात गेलो. चारही वेळा साहेब मीटिंगमध्ये. त्यांचा राग अजून आहे, लपवत नाही. माणसाला फूल देऊन घरी पाठवायचं असेल तर बोलवावं कशाला?

तुमच्या स्वयंपाकघरातल्या डुगडुगत्या टेबलावर आपण माझा बायोडाटा लिहिला. मी म्हटलं, ती पाच वर्षं 'गावाकडे शेती' अशी घालू. तुम्ही म्हणालात, "खोटं नको. काम केलंय ना तुम्ही? मग ते अनुभवात जाईल." आणि लिहिलंत, 'सुतार (कुशल), येरवडा मध्यवर्ती कारागृह.' मग म्हणालात, आता मुलाखतीची तयारी करू. बाई, आत मुलाखत म्हणजे जाळीपलीकडची आई. सगळे एकदम ओरडत असतात, तिचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही. तो शब्द ऐकून मी गप्प झालो, तर तुम्ही काही न विचारता चहा टाकलात.

शेवटी कागद पाकिटात घातलात आणि वर पेनाने नाव लिहिलंत. आधी 'श्री.', मग माझं नाव, वडिलांचं, आडनाव. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, सुटं सुटं. वडिलांच्या नावासकट माझं नाव त्याआधी कोर्टात निकालाच्या दिवशी पुकारलं होतं. तेव्हा वडील मागच्या बाकावर बसले होते. मी आत असताना ते गेले. त्यांचं नाव तुम्ही 'श्री.'च्या मागे लिहिलंत, तेव्हा मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठलो. तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही पाकीट बंद करत राहिलात.

भोसरीच्या कारखान्यात मालकांनी ती ओळ वाचली. काय केलं होतं, विचारलं. मी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग एक फळी आणि रंधा पुढे केला. तेही भले माणूस आहेत. अशी माणसं कमी आहेत असं मी आठ महिने समजत होतो. आता वाटतं, ती असतात, पण त्यांच्या दारापर्यंत आपल्याला कुणीतरी न्यावं लागतं. माझ्या बरॅकमधली कितीतरी पोरं न्यायाधीन होती, निकालच लागला नव्हता. त्यातला एक निर्दोष सुटला, तरी त्यालाही गेटवर तोच कागद मागतात. त्याला तुमचा पत्ता दिलाय. येईल तो, लाजरा आहे, आधी त्याला चहा द्या.

आणि बाई, तुमच्या टेबलाचा डावीकडचा पाय हलतो. तुम्ही त्याखाली दुमडलेला पुठ्ठा घातलाय, मी तेव्हाच बघितलं होतं. येत्या रविवारी सुट्टी आहे. पटाशी आणि सरस घेऊन सकाळी येतो.

तुमचा,
येरवड्याचा सुतार