काका, तो फलक चुकला होता

मंडपवाले काकांना,
सा. न. वि. वि.

‘माझं नाव कुठं टाकू नको’ असं तुम्ही दोनदा बजावलंत, म्हणून टाकत नाही. पण माझ्या मांडणशिल्पाच्या (आत शिरून बघायच्या कलाकृतीच्या, म्हणजे इन्स्टॉलेशनच्या) दारावर ‘संकल्पना’पुढे माझं एकटीचं नाव होतं आणि तुमचा उल्लेख पार खाली, ‘कापड व बांबू’ एवढाच. ते मला टोचतंय. म्हणून हे पत्र चारचौघांत.

शेवटच्या वर्षाच्या कामाला मी गंगेचा पूर घेतला होता. (बाहेरगावच्यांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) आपल्याकडे पूर फुटांत मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतात. गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सराफ बाजारात क्युसेकचे आकडे फिरतात खरे, पण जो तो विचारतो ते ‘मारुती कुठवर बुडाला?’ बघणाऱ्याला दहा मिनिटं त्या मारुतीच्या जागी उभं करायचं, असं माझ्या डोक्यात होतं. अंधारी वखार, दोन प्रोजेक्टर, भिंतींवर चढत जाणारं पाणी आणि १९६९, २००८, २०१९ चे पूर पाहिलेल्यांचे आवाज.

शनिवारी उघडायचं होतं. मंगळवारी प्रोजेक्टरवाल्याने लग्नाची ऑर्डर आली म्हणून हात वर केले. मे महिना, ऐन लग्नसराई, दुसरीकडे मिळेना. एक उसना आणला, तो गुरुवारच्या अवकाळीत गेला; पत्रा नेमका त्याच्याच डोक्यावर गळला. ‘पुराचं काम पाण्यात गेलं’ म्हणून मैत्रीण हसली. मला तेव्हा काही हसू आलं नाही.

तुमच्याकडे मी फक्त ताडपत्री मागायला आले होते. तुम्ही ती घेऊन स्वतःच आलात, पत्र्यावर चढून अंथरलीत आणि खाली उतरल्यावर लॅपटॉपवर माझं पाणी बघितलंत.

‘गंगेला पूर आल्यावर पाणी निळं असतं का गं?’

मी गप्प.

‘आणि भिंतीवर कशाला? माणसाच्या अंगाला लागू दे की.’

रात्री नऊला तुमचा टेम्पो आला. २०१९ च्या ऑगस्टात तुमच्या गोदामात पाणी शिरलं, तेव्हा भिजलेलं मंडपाच्या छताचं कापड त्यात होतं. कितीदा धुतलं तरी गाळाचा तांबूसपणा गेला नाही, लग्नात चालेना, म्हणून कोपऱ्यात पडून राहिलेलं. टाकून का दिलं नाहीत, ते तुम्ही सांगितलं नाहीत. एका पट्टीवर आडवी, पट्टीने आखल्यासारखी रेघ होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणालात, ‘इथवर होतं बघ.’ मी चार महिने संगणकावर हीच रेघ काढत होते!

दोन फुटांची वाट, दोन्ही अंगांना आडव्या बांबूंना बांधलेलं कापड, कप्प्यांवरून दोर, ओढायला आमच्या वर्गातली चार पोरं, खाली तुमचे मोठे पंखे. कापड थरथरत वर येतं आणि आधी पोटऱ्यांना, मग कमरेला घासतं. मी बांबूला निरगाठ मारायला लागले तर तुम्ही हातावर चापट मारलीत. ‘सुरगाठ मार. आपलं काम बांधण्याचं नाही, सोडण्याचं.’ पहाटे अडीचपर्यंत मी तेवढंच शिकत होते.

शनिवारी तुम्ही नव्हतात, हळदीचा मंडप होता. म्हणून सांगते. भांडी बाजारातल्या एक आजी आल्या, ज्यांचा आवाज मी रेकॉर्ड केला होता त्याच. कापड गुडघ्याशी आलं आणि त्यांनी नकळत निऱ्या उचलून धरल्या. कमरेशी आलं तेव्हा शेजारच्या अनोळखी मुलाचा दंड पकडला. बाहेर आल्यावर कौतुक वगैरे काही केलं नाही, चहा मागितला. प्रोजेक्टर मिळाला असता तर त्या निऱ्या उचलल्या गेल्या नसत्या, काका.

रविवारी तुम्ही सामान न्यायला आलात. भाडं घेतलं नाहीत, टेम्पोचं डिझेल तेवढं घेतलंत. ते बरं दिसत नाही, पण वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

फलक दुसरा करून घेतलाय. कॉलेजच्या प्रदर्शनात तोच लागेल: ‘संकल्पना’पुढे माझं नाव आणि ‘पंचवटीतले मंडपवाले काका’. नाव नाही टाकलं, रागावू नका.

तुमची एक कप्पी चुकून माझ्या पिशवीत आलीय, सोमवारी आणून देते. आणि ती रेघेची पट्टी मला विकत द्या. फुकट नको.

तुमची,
ताडपत्रीवाली पोरगी